आधीच झालेली मीटिंग

सकाळी वीज गेली. फिलिपिन्समधल्या इलोइलोत उन्हाळ्यात ती जातेच, त्याचं डेल्फिनाला एरवी काही वाटलं नसतं. पण आज मंगळवार होता आणि मंगळवारी तिच्या कंपनीची ऑनलाइन मीटिंग असे. घरातलं इंटरनेट विजेबरोबर गेलं होतं आणि तिच्या स्वतःच्या फोनला या गल्लीत कधीच धड रेंज मिळत नसे. तेव्हा तिनं स्वयंपाकघरात जाऊन रोमीचा फोन मागितला. रोमी, तिचा नवरा, उभं आयुष्य मालवाहू जहाजांवर आचारी होता. निवृत्त झाला तरी त्याचा हात जहाजाच्याच मापाचा राहिला होता. दोन माणसांच्या घरात तो खलाशांच्या अख्ख्या पंगतीचं पातेलं चढवायचा.

"एवढा भात कुणासाठी?" तिनं विचारलं.

"कुणी आलं तर."

"कोण येणार आहे?"

"नाही आलं तर उद्या लसूण घालून परतू. फोन ने, पण कोंबड्यांच्या ग्रुपवर काही आलं तर सांग मला. त्या सांतोसनं त्याचा कोंबडा विकायला काढलाय."

फोन घेऊन ती मागच्या ओट्यावर बसली. मीटिंगला अजून बराच अवकाश होता, पण या फोनवरून आवाज नीट जातो की नाही ते आधी बघून ठेवावं असं तिला वाटलं. आयत्या वेळी 'ऐकू येतंय का, ऐकू येतंय का' करत सगळ्यांना ताटकळत ठेवणाऱ्या माणसांचा तिला मनापासून कंटाळा होता. मीटिंगची खोली कायमची एकच होती, लिंकही तीच. तिनं ती उघडली, सवयीनं आवाज आणि कॅमेरा बंद ठेवून आत गेली. खोली रिकामी असायला हवी होती. खोलीत सगळे होते.

पहिल्यांदा तिला वाटलं आपल्यालाच उशीर झाला. तिनं फोनवरची वेळ बघितली, मग मान वळवून आतल्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं. उशीर झाला नव्हता. तेवढ्यात तिच्याच कचेरीतल्या मायलीनचा आवाज आला, "सुहैमी, तुझा दुसरा फोन पण आत आला वाटतं," आणि तिकडे मलेशियात, कुचिंगमध्ये बसलेला सुहैमी, ज्याचं नेट इतकं कच्चं की तो नेहमी दोन दोन फोन घेऊन बसायचा, कुणाला तरी चहात साखर कमी घाल म्हणून सांगत होता; त्यानं नुसतंच "हं" केलं. रोमीच्या फोनचं नाव म्हणजे अक्षरं आणि आकडे, त्यावरून कुणाला काही कळण्यासारखं नव्हतं. आता आवाज सुरू करावा, 'अरे, आज सगळे इतक्या लवकर?' म्हणावं, असं डेल्फिनाच्या मनात आलं. अंगठा त्या खुणेपर्यंत गेलासुद्धा.

"तर परत एकदा," मायलीन म्हणाली. "थुय, निनांग आधी तुलाच विचारतील. बदली माणसं मिळत नाहीत, एवढंच म्हण. आकडे सांगू नकोस, त्या आकडे धरून बसतात. सुहैमी, तू विरोध कर." निनांग म्हणजे डेल्फिनाच, मायलीन तिला त्याच नावानं हाक मारायची.

"मागच्या वेळी पण मीच केला होता," सुहैमी म्हणाला. "या वेळी थुयला द्या."

"तिला जमत नाही. ती हसते."

"मी नाही हसत," थुय म्हणाली आणि हसली. मग तिघंही हसली.

"बरं, तूच कर, थोडं ताणून धर. मग मी मध्ये पडते आणि दोन महिन्यांऐवजी सहा आठवडे म्हणते. निनांगना बरं वाटेल, आपल्यामुळे काहीतरी कमी झालं म्हणून."

"सहा आठवडे तर वरूनच आलेत," सुहैमी म्हणाला.

"मग काय झालं? त्यांना कुठे माहितीये."

डेल्फिनानं फोन बंद केला नाही. तो तिच्या मांडीवर होता आणि त्यातून माणसं बोलत होती. समोर दोरीवर रोमीचे बनियन वाळत होते, शेजारचा कोंबडा एका पायाला दोरी बांधलेला आपल्याच गोल वर्तुळात फिरत होता, आणि तिला स्वतःच्या हाताच्या तळव्याला घाम फुटलेला जाणवत होता, थंड, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर फुटतो तसा. शब्दांचा अर्थ तिला कळला होता. पण त्याहून आधी, त्याहून जास्त तिला ते हसणं लागलं. इतकं मोकळं हसणं तिनं तिच्या मीटिंगमध्ये कधी ऐकलं नव्हतं. थुय अशी हसते हे तिला माहीत नव्हतं. खालच्या सुरातून सुरू होऊन वर जाणारं, मध्येच नाकातून फुटणारं हसणं. इतकी वर्षं ती या मुलीला ओळखत होती, तिच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करत होती, आणि तिचं हसणं तिनं आज पहिल्यांदा ऐकलं, तेही आडून.

आणि थुयच तर तिची सगळ्यात मोठी कमाई होती. कंपनी जहाजांना माणसं पुरवायची. कुठल्या जहाजावरून कोण उतरेल, कोण चढेल, ते ठरवायला तीन देशांतली चार माणसं पडद्यावर जमायची. डेल्फिनाकडे हे काम आलं तेव्हा मीटिंग म्हणजे एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी आपापली ईमेलं बघायची, असं होतं. व्हिएतनाममधल्या हायफाँगची थुय तर कित्येक महिने एक अक्षर बोलली नव्हती. विचारलं की 'हो, चि' म्हणायची. चि म्हणजे त्यांच्यात ताई. सुहैमी काक म्हणायचा, तेही ताईच. डेल्फिनाला ही ताई म्हणवून घेणं आवडायचं, पण नुसत्या 'हो'चा तिला संशय यायचा. तिनं एकेक करून मीटिंगची घडी बसवली. विषय आदल्या दिवशीच सगळ्यांना कळवायचा, म्हणजे कुणाला आयत्या वेळी सुचायची पंचाईत नको. सुरुवातीला प्रत्येकानं आपल्या खिडकीतून काय दिसतंय ते सांगायचं, म्हणजे घशातून एकदा आवाज निघून जातो आणि मग दुसऱ्यांदा निघायला अवघड पडत नाही. जो सगळ्यात लांब, त्यानं सगळ्यात आधी बोलायचं. आणि शेवटी तिचा प्रश्न, 'नाही कोण म्हणणार?' तो विचारून ती गप्प बसायची. कितीही वेळ लागो, ती शांतता स्वतः भरून काढायची नाही असा तिनं नेम केला होता. आईला भरवताना ती अशीच चमचा धरून थांबायची, आई तोंड उघडेपर्यंत. आणि एकदा त्या शांततेतून थुयचा आवाज आला होता, बारीक, जवळजवळ रागावलेला, "चि, मला हे पटत नाही." त्या दिवशी मीटिंग संपल्यावर डेल्फिना पॅन्ट्रीत जाऊन रडली होती. मुख्य कचेरीला हे कळलं, तिला सेबूला बोलावून घेतलं, दुसऱ्या तुकड्यांच्या प्रमुखांसमोर उभं केलं. लांबच्या माणसांची मीटिंग कशी चालवावी, ते हिच्याकडून शिका म्हणाले. तिथं ती बोलली, अंगात नवा निळा ब्लाउज होता, आणि मायलीन पहिल्या रांगेत बसून तिचे फोटो काढत होती.

ते थुयचं पहिलं 'पटत नाही' खरं होतं का? हा विचार मनात आला आणि मग जाईना. ते खरं असलं तर मग त्यानंतरचं कुठलं? मागच्या महिन्यात सुहैमीनं आवाज चढवला होता, आणि तिला किती बरं वाटलं होतं, माणसं आपल्यासमोर न घाबरता भांडतात म्हणून. रात्री जेवताना तिनं रोमीला कौतुकानं सांगितलं होतं. जुनी एकेक मीटिंग आठवावी आणि बोटानं दाबून बघावी, पपई पिकली की नासली ते बघतात तशी, असं ती करू लागली, आणि प्रत्येक मीटिंग बोटाखाली दबत गेली.

पण नुसतं हसं झालं असतं तर तिनं ते गिळलं असतं. विषय एका कोळशाच्या जहाजाचा होता. त्यावरच्या माणसांच्या कराराची मुदत संपत आली होती. त्यांना उतरवायचं की तशीच पुढे ठेवायचं, हे आज ठरायचं होतं. मुदत वाढणं म्हणजे काय हे पडद्यावरच्या चौघांत फक्त डेल्फिनाला माहीत होतं. रोमीचे वडील शेवटचे दिवस मोजत होते तेव्हा रोमीची मुदत वाढली होती. तिला कचेरीतून फोन आला होता, कुणीतरी अनोळखी मुलगी, कागदावरून वाचून दाखवावं तसं बोलली, "कंपनीनं ठरवलं आहे." कुणी ठरवलं, असं डेल्फिनानं विचारलं तेव्हा ती मुलगी गोंधळली होती आणि परत तेच वाक्य बोलली होती. म्हातारा दाराकडे बघत गेला. रोमी आला तेव्हा नवव्या दिवसाची प्रार्थनासुद्धा होऊन गेली होती. तो त्याबद्दल कधी बोलला नाही, पण नंतर वर्षभर त्यानं घरात मासे शिजवले नाहीत, वडिलांना आवडायचे म्हणून. मुलं मोठी झाल्यावर डेल्फिनानं याच धंद्यात नोकरी धरली ती याच हट्टानं, की निदान एक माणूस तरी विचारणारं असावं. मुदत वाढली तर खलाशांच्या बायकांना फोन ती स्वतः करायची. तेवढं तिनं कुणाला करू दिलं नव्हतं.

"आलं का काही ग्रुपवर?" रोमीनं आतून विचारलं.

"नाही," ती म्हणाली. तेवढ्यात फ्रिज घरघरला. वीज आली होती. तिनं फोन बंद केला, आत नेऊन त्याच्या हातात दिला. त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं. "काय गं? बरं नाही का?" उकाड्यानं, ती म्हणाली आणि तोंड धुवायला गेली.

वेळेवर तिनं लॅपटॉपवरून खोली उघडली. एकेक चेहरा येत गेला, जणू आत्ताच येतोय असा. मायलीननं नेहमीसारखे केस मागे सारत "गुड मॉर्निंग, निनांग" म्हटलं. मायलीनच्या लग्नात डेल्फिना धर्ममाता म्हणून उभी राहिली होती, पुढे मुलीच्या बाप्तिस्म्यालाही. तेव्हापासून ती ऑफिसातही तिला निनांगच म्हणायची, आणि डेल्फिनाला ते लेकीनं हाक मारल्यासारखं वाटायचं. आता त्या शब्दाकडे ती बघत राहिली. सुहैमी म्हणाला, माझ्या खिडकीतून शेजाऱ्याची नवी मोटार दिसते, तो अजून तिचं प्लास्टिक काढत नाही. थुय म्हणाली, गल्लीत गुलमोहोर फुललाय. मायलीन म्हणाली, समोरच्या शाळेत मुली पदवीदानाच्या रांगेची तालीम करतायत. हे तरी ठरवून आणलेलं नसेल, असं डेल्फिनाला वाटलं, आणि आपल्याला असं वाटावं याचंच तिला वाईट वाटलं.

मग थुय बोलली, बदली माणसं मिळत नाहीत. आकडे सांगितले नाहीत. सुहैमीनं विरोध केला, "काक, हे बरोबर नाही, ती पण माणसंच आहेत," आणि तो इतकं छान बोलला की क्षणभर डेल्फिनाला ते खरंच वाटलं. त्याचे डोळेसुद्धा ओले दिसत होते. कदाचित ते खरंही असेल. कदाचित माणसाला नाटकातच खरं बोलता येत असेल, कुणी सांगावं. मायलीन मध्ये पडली, सहा आठवडे म्हणाली. सगळे थांबले आणि डेल्फिनाकडे बघू लागले, तिच्या त्या प्रश्नाची वाट बघत. तो तिच्या ओठांवर आला होता. तो विचारला असता तर त्यालाही उत्तर तयार असणार हे तिला दिसत होतं.

"जहाजाला कळवलं का?" तिनं विचारलं.

हे त्यांच्यात ठरलं नव्हतं. मायलीन म्हणाली, "अजून ठरलंच नाही तर कळवणार कसं, निनांग?" तिचा आवाज मऊ होता. डेल्फिनानं फक्त वाट पाहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला ही शांतता वापरताना हातात सुरी धरल्यासारखं वाटलं. सुहैमी चहाचा कप उगीच फिरवत होता. थुयनं खाली बघितलं.

"काल कळवलं, चि," थुय म्हणाली.

पुढे फार काही झालं नाही. डेल्फिना "बरं" म्हणाली. मग, तिच्या पद्धतीप्रमाणे, काय ठरलं ते प्रत्येकानं आपल्या शब्दांत एकदा सांगावं असं तिनं सांगितलं, आणि त्यांनी सांगितलं, मान खाली घालून, शाळेत पाढे म्हणतात तसं. तिनं आभार मानले आणि मीटिंग वेळेआधी संपवली.

दुपारी मायलीन घरी आली. शहराच्या दुसऱ्या टोकाहून, जारोहून, वडापच्या जीपनीनं आली असावी, चेहरा धुळीनं आणि उन्हानं माखला होता. रोमीनं तिच्यापुढे न विचारता ताट ठेवलं आणि दोघींची तोंडं बघून तो कोंबड्यांकडे निघून गेला. मायलीननं भाताला हात लावला नाही.

"तो फोन तुमचा होता," ती म्हणाली.

"रोमीचा."

"मला नंतर कळलं. सुहैमी म्हणाला, माझा दुसरा फोन आज बंदच होता."

"कधीपासून चाललंय हे?"

"तुमची आई आजारी होती ना, तेव्हापासून. तुम्ही रात्र रात्र जागून यायचात. आम्ही म्हटलं, आधीच थोडं ठरवून ठेवू, म्हणजे तुम्हाला त्रास नको. खरंच तेवढंच होतं, निनांग."

"आई जाऊन किती दिवस झाले?"

मायलीननं ताट जरा पुढे सरकवलं. मग म्हणाली, "नंतर ते बरं वाटायला लागलं. आधी जमलं की बोलता यायचं. कुणी चुकलं तरी चालायचं. तुमच्यासमोर..." ती थांबली. "तुम्ही प्रश्न विचारून गप्प बसता ना, ते सहन होत नाही हो. थुयच्या पोटात गोळा येतो. तुम्ही बघत राहता. आम्हाला वाटतं, तुम्हाला उत्तर माहितीये आणि आम्हीच चुकतोय."

"मला उत्तर माहीत नसायचं, म्हणून तर विचारायचे."

"ते आम्हाला कुठे माहीत."

डेल्फिनाला हसू आल्यासारखं झालं, पण ते आलं नाही. म्हणजे ती जी शांतता इतकी वर्षं प्रेमानं पुढे धरत होती, ती त्यांच्या पोटात गोळा होऊन पडत होती. हे तिला समजलं, आणि समजल्यानं राग कमी झाला नाही. उलट राग करायला धड जागा राहिली नाही, याचाच राग आला.

"आणि जहाजाचं?" तिनं विचारलं. "माणसं खरंच मिळत नाहीत?"

"माणसं आहेत. विमानाची भाडी वाढलीत म्हणून वरच्यांनी थांबवलं. मला फोन आला होता."

"तुला. मला नाही."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"मग नाही म्हणणाऱ्याला विचारायचंच नाही?"

"तुम्ही नाही म्हटलं असतं तरी ते झालंच असतं, निनांग. फक्त तुम्हाला झोप लागली नसती. त्यांनी सांगितलं, तिला सांभाळून घे. मी सांभाळून घेतलं." मायलीनचे डोळे भरून आले होते. ती खोटं बोलत नव्हती, हे डेल्फिनाला दिसत होतं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. तिला फसवून काही मिळवावं असं यांच्या मनात नव्हतं. त्यांनी तिला बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं होतं, जुन्या माणसांना बसवतात तसं, आणि मधून मधून दार उघडून सगळे आत येऊन तिच्याशी खेळत होते.

"बायकांना फोन मी करते या वेळी," मायलीन म्हणाली. "तुम्ही नका करू."

"नको," डेल्फिना म्हणाली. "जेव. भात गार झाला."

मायलीन चार घास जेवली, जाताना सवयीनं, आशीर्वादासाठी, डेल्फिनाचा हात आपल्या कपाळाला लावायला वाकली. डेल्फिनानं हात दिला. मागे घ्यावा असं वाटलं होतं, पण इतक्या वर्षांत हात द्यायचीच सवय झाली होती.

ती गेल्यावर डेल्फिना दोरीवरचे कपडे काढायला गेली, घड्या घालत बसली, एकाच बनियनची दोनदा घडी घातली. मुख्य कचेरीला फोन लावावा, सरळ भांडावं, असं तिच्या मनात येत होतं, आणि पलीकडचा सभ्य, आदबशीर आवाजही तिला आधीच ऐकू येत होता. तोही आधीच ठरलेला असणार, तिला सांभाळून घेणारा. राजीनामा द्यावा, हेही आलं. पण मग ते फोन कोण करणार? संध्याकाळ व्हायच्या आत करायला हवे होते. आधी कुणाला, याचा तिनं फार विचार केला नाही. मियागाओची रोवेना, तिचा नवरा एल्मर इंजिनखोलीत होता. त्यांची मोठी मुलगी या महिन्यात शाळेतून पहिल्या नंबरानं बाहेर पडणार होती. पदक वडिलांनी गळ्यात घालायचं म्हणून त्यानं जहाजावरून लेकीला शब्द दिला होता, आणि रोवेनानं त्याच्यासाठी नवा शर्ट शिवून ठेवला होता. हे सगळं डेल्फिनाला रोवेनानंच सांगितलं होतं, मागच्या फोनवर, हसत हसत.

रोवेनानं पहिल्याच रिंगला फोन उचलला. मागे शिवणयंत्र थांबल्याचा आवाज आला. डेल्फिनानं सांगितलं. सहा आठवडे म्हणाली. बदली माणसं मिळत नाहीत, म्हणाली. ते वाक्य थुयच्या तोंडून ऐकलं होतं तसंच्या तसं तिच्या तोंडून निघालं, आणि तिला वाटलं आता रोवेना रडेल, चिडेल. रोवेना बराच वेळ काही बोलली नाही. डेल्फिनाला त्या शांततेत बसवेना.

"कुणी ठरवलं, मनांग?" शेवटी रोवेनानं विचारलं; मनांग म्हणजे इकडची ताई. राग नव्हता आवाजात, नुसतं कळून घ्यायचं होतं.

"मीटिंगमध्ये ठरलं."

"तुम्ही होतात का तिथे?"

"होते. मीच चालवते ती."

"मग ठीक आहे," रोवेना म्हणाली, आणि तिनं नाक ओढल्याचा आवाज आला. "तुम्ही होतात म्हणजे आमच्यासाठी भांडला असाल. पोरीला मी सांगते तसं."

ओट्यापलीकडे रोमी कोंबड्यांशी काहीतरी बोलत होता. डेल्फिनानं फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"हो," ती म्हणाली, "बराच वाद झाला."